अक्तीच्या दिवशीची काळी बाटली

धनवंता बिसेन या बाईला गप्प बसणं कधी जमलंच नाही. गोंदियाहून कामठ्याकडे निघालं, की पुढे धानाच्या बांध्यांमधून आत वळणाऱ्या रस्त्यावर चिचटोला लागतं. तिथे तिचं सासर. लग्न होऊन आली तेव्हापासून गावात कुणाच्या लेकराला ताप आला की पहिला सल्ला हिचा, कुणाची म्हैस आटली की पहिला उपाय हिचा, आणि कुणाची सोयरीक मोडली की कारणही हिलाच आधी ठाऊक. मनाने वाईट नव्हती. कुणाचं अडलं तर हातातलं काम टाकून धावायची. पण आपल्याला कळतं, आणि ते चारचौघांना दिसलं पाहिजे, ही खोड काही जाईना.

त्यामुळे ग्रामपंचायतीने पाणी तपासायला बायका निवडायचं काढलं आणि बाकीच्या तोंडाला पदर लावून एकमेकींना ढकलत बसल्या, तेव्हा धनवंता आपणहून उठून उभी राहिली यात कुणालाच नवल वाटलं नाही. गोंदियाला प्रशिक्षण झालं. शिकवायला प्रयोगशाळेतली चेतना मॅडम होती. कुडव्याला राहणारी, स्कूटीवरून येणारी, हिंदी-मराठीची खिचडी करून बोलणारी तरुण मुलगी. तिने प्रत्येकीला एक निळी पिशवी दिली आणि आतल्या बाटल्या दाखवल्या. मुठीत मावेल एवढी काचेची बाटली, तळाशी पिवळट औषध. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. एकदोन दिवसांत पाणी पिवळंच राहिलं तर ठीक. काळं झालं तर त्यात मैल्यातले जंतू असणार.

"मतलब कहीं ना कहीं से गू पानी में जा रहा है," चेतनाने स्पष्ट सांगून टाकलं, आणि बायका फिदीफिदी हसल्या. "हसू नका. आधी हात साबणाने धुवायचे. झाकणाला आतून बोट लावायचं नाही. आणि एक बाटली काळी झाली म्हणून गावभर ओरडत सुटायचं नाही. दुबारा घ्यायचं. फिर भी काली आई, तो लॅबला पाठवायचं."

धनवंताने मान डोलावली. पुढे कधीतरी स्वतःची समजूत घालताना तिने खूपदा आठवून पाहिलं, की हे शेवटचं तेव्हा आपल्याला नीट ऐकू आलं नसेल. पण आलं होतं. चांगलं ऐकू आलं होतं.

गावात निळ्या पिशवीचं कौतुक चार दिवस टिकलं. धनवंता हातपंपापाशी गेली, नळाच्या टाकीपाशी गेली, लोकांच्या विहिरींवर गेली. बाटल्या भरून घरच्या कोनाड्यात ओळीने ठेवल्या. सगळ्या पिवळ्या. पुढच्या महिन्यात पुन्हा भरल्या. पुन्हा पिवळ्या. लोकांना थट्टेला निमित्त मिळालं. पारावर बसलेला नंदलाल तिला येताना पाहून मुद्दाम मोठ्याने विचारायचा, "काऊन वो वयनी, आज कोनाच्या पान्याले आजारी पाडून राहिली?" घरात नवरा ग्यानीराम म्हणायचा, की एवढ्या बाटल्या जमवल्यास, आता त्यात लोणचं तरी घाल. धनवंता हसण्यावारी न्यायची, पण तिला ते लागायचं. तपासणाऱ्याला काहीतरी सापडावं, असं तिला आतून वाटायला लागलं. ही गोष्ट तिने कधी कुणाला सांगितली नाही, आणि सांगण्यासारखी ती नव्हतीच.

आता धुरपताविषयी. गावच्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, ढिवरांची चारसहा घरं आहेत. पुरुष तलावात मासे धरतात, शिंगाडा लावतात. धुरपता त्यातली म्हातारी. नवरा सुकराम दोन पावसाळ्यांपूर्वी काविळीने गेला, पोरगी दूर सासरी, त्यामुळे एकटी. तिच्या अंगणात एक विहीर आहे. पाळीतून झिरपून येणारं पाणी, उन्हाळ्यातही न आटणारं आणि चवीला गोड. चिचटोल्यात डाळ शिजत नाही म्हणून तक्रार करणाऱ्या सुनेला सासवा सांगायच्या, जा, धुरपताकडचं एक गुंडभर पाणी आण.

आणि गावाची जुनी रीत अशी, की कुणाच्याही घरी लग्न असो, पवार जातीतल्याच्या असो की आणखी कुणाच्या, मांडवातलं पाणी धुरपताच्या हातचं. तिच्या सासूच्या आधीपासून ते चालत आलेलं. लखलखीत घासलेलं पितळी गुंड डोक्यावर घेऊन ती पहिलं पाणी मांडवात आणायची, मगच चूल पेटायची. नवी नवरी गावात आली, की शिवेवर भरलेलं गुंड घेऊन धुरपता उभी. नवरीने त्यात सुपारी टाकायची, तिने नवरीच्या पायांवर पाणी घालायचं. धनवंता अशीच आली होती. भर वैशाखात, बैलगाडीतून, तोंड सुकलेलं. धुरपताने पायांवर पाणी घालून झाल्यावर, रीत नसताना, ओंजळभर पाणी तिच्या तोंडाशी धरलं होतं. "पे व माय, सासरचं पानी हाये, लाजू नको." धनवंताला सासरची पहिली आठवण विचारली, तर ती हीच सांगायची.

यंदा धनवंताच्या रिंकीचं लग्न ठरलं. मुलगा टिकेश गोंदियातला, कपड्याच्या दुकानात बसणारा, चांगला. अक्ती, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की पंधरवड्यात लग्न. धुरपता महिनाभर आधीपासून गुंड घासायला लागली होती. इकडे घरात मात्र रिंकीचं वेगळंच चाललं होतं. मैत्रिणींच्या लग्नात थंड पाण्याच्या कॅन असतात, लोक ग्लास धरतात आणि तोटी दाबतात. आपल्याकडे म्हातारी डोक्यावरून पाणी आणणार आणि लोटा बुडवून देणार. टिकेशकडची माणसं काय म्हणतील? ग्यानीरामलाही मुलीचं म्हणणं पटत होतं, पण धुरपताला नको म्हणायचं कुणी? धनवंताने दोघांना झापलं. "माह्या पायावर तिनं पानी घातलं, तुह्या मांडवातयी पानी तेच आनन," असं रिंकीला ठणकावून सांगितलं. तेव्हा तिला तसंच वाटत होतं, हे खरं आहे.

अक्तीचा दिवस उजाडला. पितरांचा सण. नवे माठ भरून ठेवायचे, पितरांना पाणी द्यायचं. आणि त्याआधी सगळं घर-अंगण सारवून काढायचं. धनवंता पहाटेच उठून शेणकाल्यात हात घालून बसली. ओसरी झाली, अंगण अर्धं झालं, आणि तिला आठवलं की चेतना मॅडमने उन्हाळी तपासणीचे निकाल दोन दिवसांत मागितले आहेत आणि पाणी गोड म्हणून धुरपताची विहीर आपण आजवर तपासलेलीच नाही. शिवाय पितरांच्या माठांना पाणी धुरपताकडूनच आणायचं होतं. एका फेरीत दोन्ही होईल म्हणून ती उठली. हात बादलीत खंगाळले, पदराला पुसले, पिशवी घेतली आणि निघाली.

साबण? साबण तिच्या डोक्यातच आला नाही. संडासला जाऊन आल्यावर ती दोनदा साबण लावायची, लेकरांना तर ओरडून ओरडून लावायला लावायची. पण हाताला शेण लागलं होतं. आणि शेण म्हणजे घाण, असं या बाईच्या मनात जन्मात कधी आलं नव्हतं. देवघर शेणाने सारवतात. पितर ज्या जागी बसणार ती जागा शेणाने शुद्ध करतात. शेणाच्या हातांनी तिने आजवर किती पवित्र कामं केली असतील. त्या हातांनी विहिरीवर तिने बाटलीचं झाकण उघडलं, घट्ट होतं म्हणून अंगठा आत घालून दाबून काढलं, धुरपताने शेंदलेल्या बादलीतलं पाणी भरलं, झाकण लावलं.

"कशी निंगन माही बाटली?" धुरपताने कौतुकाने विचारलं.

"तुह्यी कायची खराब निंगते, काकी," धनवंता म्हणाली, आणि गुंड डोक्यावर घेऊन परतली.

दुसऱ्या दिवशी बाटली काळी झाली होती. काजळ घोटल्यासारखी काळी.

आणि धनवंताला आनंद झाला. पुढचं सगळं दुःख मी सांगणार आहे, पण हे आधी सांगितलं पाहिजे. तिला धक्का बसला, धुरपताची कीव आली, हे सगळं नंतर. पहिल्यांदा जे वाटलं तो आनंद होता. बाटली पदराखाली धरून ती पारावर गेली आणि नंदलालच्या नाकासमोर धरली. "पाह्य आता. कोनाच्या पान्याले आजारी पाडून राहिली, म्हनत होता ना? पाह्य." पारावरची थट्टा बंद पडली. माणसं उठून बाटली बघायला जमली, सरपंचाला बोलावणं गेलं, आणि धनवंता मधोमध उभी राहून सांगत होती, की हे मैल्यातले जंतू आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत, पाणी कितीही गोड लागलं तरी आत असतात. त्या सकाळी गावाने तिचं पहिल्यांदा तोंड मिटून ऐकलं.

दुबारा घ्यायचं तिला आठवलं होतं. पण एवढी माणसं गोळा झाल्यावर, थांबा, परत तपासते, असं म्हणायला तिची जीभ वळली नाही. दुपारपर्यंत पंचायतीच्या शिपायाने लाल ऑइलपेंट आणला आणि धुरपताच्या विहिरीच्या काठावर फुली मारली. ऑइलपेंट असल्यामुळे पक्की बसली.

धुरपता दारात उभी राहून बघत होती. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "बाटलीनं सांगतलं का?" आणि धनवंताने हो म्हटल्यावर, "मंग खरं असन," म्हणाली आणि दोर गुंडाळून आत नेला.

लग्नाला गोंदियाहून कॅन आल्या. टेम्पो भरून, निळ्या, बर्फागत थंड. रिंकी खूश, व्याही खूश. ग्यानीरामने धनवंताला कोपऱ्यात गाठून म्हटलं, "तुह्या बाटलीनं आपलं काम सोपं केलं बापा, नाही त् म्हातारीले नाही कोन म्हनलं असतं?"  धनवंताला त्या बोलण्याची किळस आली, आणि त्यात आपल्यालाही थोडं सुटल्यासारखं वाटलं होतं, हे आठवून जास्तच आली.

धुरपताला निमंत्रण होतं. ती आली. धुतलेलं लुगडं नेसून, आणि डोक्यावर ते पितळी गुंड, लखलखीत, रिकामं. रिकामं गुंड लग्नघरी कशाला आणलं, म्हणून बायका कुजबुजल्या. कुणीतरी ते तिच्या डोक्यावरून उतरवून मांडवाच्या मागे ठेवलं. जेवताना तिने कॅनपाशी जाऊन इतरांसारखाच कागदी ग्लास धरला. तोटी दाबायची की फिरवायची हे तिला कळेना. एका पोराने भरून दिला. धनवंता पंगतीत वाढत होती. तिने ते पाहिलं आणि भाताचं भांडं घेऊन उगीचच दुसऱ्या ओळीकडे वळली.

चार दिवसांनी धुरपता आपलं गुंड न्यायला आली. धनवंताने तिला लुगडं दिलं, लाडू बांधून दिले. ती उठेना. मग म्हणाली, "बाई, येक सांग. त्या बाटलीत समजते का, कवापासून घान होती पान्यात म्हून?"

इथे धनवंताने सांगायला हवं होतं, की नाही समजत. बाटली ज्या दिवशी भरली त्या दिवसाचंच सांगते. हे तिला माहीत होतं, शिकवलेलं होतं. पण पारावरची ती सकाळ अजून तिच्या अंगातून उतरली नव्हती. "अशी घान येका दिसात नाही येत, काकी," ती जाणत्या सुरात म्हणाली. "बरसं न् बरसं झिरपत राह्यते."

धुरपता मान हलवत राहिली. "बुढा आजारी होता," ती म्हणाली, "त् डाक्टरनं सांगतलं, पानी जास्त पाजा. मी रातदिन पाजो. आपल्या विहिरीचंच. वाटीवाटीनं पाजो." एवढं बोलून ती गुंड कमरेवर घेऊन निघून गेली.

धनवंता ओसरीवर बसून राहिली. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं, आणि उठून मागे धावावंसं वाटलं. पण काय सांगणार होती? बाटली तर काळीच होती.

त्या दिवसापासून धुरपताने स्वतःच्या विहिरीचं पाणी तोंडाला लावलं नाही. पाळीखालून चढून, गाव ओलांडून ती नळावर यायची, रांगेत उभी राहायची, वाकलेल्या पाठीने तेच पितळी गुंड भरून न्यायची. धनवंताच्या घरावरूनच रस्ता होता. धनवंताने दोनदा पोराकरवी पाणी पोहोचवायची तयारी दाखवली. धुरपता नको म्हणाली. मग धनवंता नळाच्या वेळी घराचं पुढचं दार लोटून घ्यायला लागली. सल्ले देणं तिने बंद केलं नाही, पण आवाजात पूर्वीचा जोर राहिला नाही. कुणाच्या लग्नाचं बोलणं निघालं आणि कॅन किती मागवायच्या यावर गाडी आली, की ती उठून आत जायची. गावातही आता कुणी धुरपताला पाण्यासाठी विचारत नव्हतं.

पाऊस सरला. दसऱ्याआधी गोंदियाला पुन्हा प्रशिक्षण झालं. चेतनाने या वेळी नवी गोष्ट शिकवली. प्रत्येक वेळी एक बाटली उकळून गार केलेल्या पाण्याने भरायची. "उसको कोरी बाटली बोलते हैं. त्यात जंतू असणारच नाहीत. तरी ती काळी झाली, तर समजायचं की गलती पाण्याची नाही, तपासणाऱ्याची आहे. आपले हात, आपलं भांडं, आपली घाई." बायकांनी माना डोलावल्या. धनवंतानेही डोलावली. तिला वाटलं, आपल्याला याची काय गरज, आपला हात बसलेला आहे.

दसऱ्याचं सारवण निघालं. नळाला पाणी सकाळी थोडाच वेळ येतं. धनवंता अंगण सारवता सारवता नळाचा आवाज आला म्हणून उठली, हात बादलीत खंगाळले, पदराला पुसले आणि नळाची बाटली भरली. लगेच, सांगितलंय म्हणून, सकाळीच उकळून ठेवलेल्या पाण्याची दुसरी बाटली भरली. झाकण घट्ट होतं. अंगठा घालून काढलं. दोन्ही बाटल्या कोनाड्यात ठेवल्या आणि उरलेलं अंगण सारवायला बसली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही काळ्या. नळाची बाटली पाहून ती सरपंचाकडे धावण्यासाठी चप्पल घालू लागली. मग तिची नजर दुसऱ्या बाटलीवर गेली. हे तर चुलीवर खळखळ उकळलेलं पाणी. ते कसं काळं होईल? ती चप्पल तशीच अर्धी पायात घेऊन उंबऱ्यावर टेकली. आपले हात तिने उलटेसुलटे करून पाहिले. नखांच्या कडेला शेण वाळलेलं होतं, हिरवट, नेहमीचं, सणासुदीचं. आणि अक्तीची सकाळ तिच्यापुढे येऊन उभी राहिली. ओसरी, अर्धं अंगण, पदराला पुसलेले हात, घट्ट झाकण, आत दाबलेला अंगठा.

त्या दिवशी तिने स्वयंपाक केला नाही. ग्यानीरामने विचारलं, त्याला तिने सगळं सांगितलं. त्याने डोकं खाजवत तोड काढली. "कायले बोंबलतेस? साबनानं हात धुऊन म्हातारीची बाटली आता परत घे. चांगली निंगली त् सांगून दे, पावसानं विहीर साफ झाली म्हून. तीयी खुश, तुहीयी इज्जत राह्यते. कोनाचं काय बिघडलं?"

मोहाची गोष्ट होती. धनवंता दोन दिवस ती मनात घोळवत राहिली. साबणाने हात घासघासून धुतले, नवी बाटली घेतली, धुरपता नळावर गेलेली पाहून तिच्या अंगणात शिरली. घरचाच दोर आणि उकळत्या पाण्याने धुतलेली बादली सोबत नेली होती. विहिरीत शेवाळ आलं होतं, काठावर पानं साचली होती. काठावरची लाल फुली पावसानेही फिकी झाली नव्हती. पाणी शेंदून बाटली भरली. सोबत कोरी बाटली भरली. घरी आणून ठेवल्या, दिवस गेला, आणखी एक दिवस गेला. दोन्ही पिवळ्या राहिल्या.

आता फक्त ग्यानीरामचं वाक्य म्हणायचं होतं. पावसाने विहीर साफ झाली. पण तसं म्हटलं, तर पावसाआधी ती घाणच होती, असा त्याचा अर्थ. आणि पावसाआधीचं पाणीच तर धुरपताच्या मनाला लागलं होतं. वाटीवाटीनं पाजो, हे शब्द धनवंताला भाकरी थापताना ऐकू यायचे, दळण निवडताना ऐकू यायचे. शेवटी दोन्ही बाटल्या पदरात घेऊन ती पाळीखाली उतरली.

धुरपता अंगणात शिंगाडे उकडत बसली होती. नळाचं पाणी आणून उकडत होती. धनवंताला पाहून तिने पाट सरकवला. धनवंता पाटावर बसली नाही, खाली भुईवर बसली, आणि सगळं सांगितलं. शेण, झाकण, अंगठा, पारावरची मिरवणूक, दुबारा न घेतलेली बाटली, कोरी बाटली. काही मागे ठेवलं नाही. आपल्याला आनंद झाला होता, तेही सांगितलं. बोलता बोलता रडायला लागली, आणि रडतानाच पिवळ्या बाटल्या पुढे धरल्या. "तुह्या पान्यात काही नोहतं, काकी. माह्या हातात होतं."

धुरपताने बाटल्या हातात घेतल्या नाहीत. काडीने शिंगाडे ढवळत राहिली.

"गावाले सांगशीन?"

"सांगीन. आजच सांगतो. फुली मी आपल्या हातानं खरडतो."

"सांग," धुरपता म्हणाली. "रिंकीचं लगन त् होऊन गेलं."

 शिंगाडे उतू जायला आले, धुरपताने जाळ कमी केला. मग काडी खाली ठेवून तिने पहिल्यांदा धनवंताकडे सरळ पाहिलं.

"मंग माहा बुढा माह्या पान्यानं नाही मेला?"

धनवंताला कळलं, की याच प्रश्नासाठी आपण आलो आणि याच प्रश्नाची आपल्याला भीती होती. तिच्या पदरातली बाटली परवाच्या पाण्याची होती. अक्तीची बाटली तिच्याच हाताने वाया गेलेली. आणि सुकराम आजारी होता तेव्हाच्या पाण्याची बाटली कुणी भरलीच नव्हती. ते पाणी कसं होतं हे आता जगात कुणीही सांगू शकत नव्हतं. सांगायचं ते खरं एवढंच, की मला माहीत नाही. पण समोर म्हातारी बसली होती, आणि दसऱ्यापर्यंतचे सगळे दिवस तिने त्या वाट्या मोजत काढले होते.

"नाही, काकी," धनवंता म्हणाली. "तुह्या पान्यानं नाही मेला."

धुरपता तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, थट्टा नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हे कोनत्या बाटलीत पाह्यलंस व बाई?"

 चुलीतलं लाकूड सरकलं, ते धुरपताने आत लोटलं. मग ती गुडघ्यावर हात रोवून उठली. आतून गुंडाळून ठेवलेला दोर आणला, बादली आणली, विहिरीवर गेली आणि फुलीच्या शेजारी पाय रोवून पाणी शेंदलं. पितळी गडवा भरला आणि धनवंताच्या हातात आणून दिला.

धनवंताने गडवा तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. पाणी तसंच होतं, शिवेवर ओंजळीतून प्यायलेलं, गोड. तिला परत रडू आलं.

धुरपताने रिकामा गडवा घेतला, विसळला. तिलाही तहान लागली होती. ती आत गेली आणि नळाच्या पाण्याच्या माठात तो बुडवून प्यायली.